पडद्यावरचा 'बर्फ' आणि त्याची कारणे

माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला जुना संगणक खाली उतरवला जातो, धूळ झटकली जाते, बटण दाबले जाते आणि पडदा हळूहळू उजळतो. अक्षरे ओळीने उमटू लागतात. तोच त्यांच्यामधून पांढरे ठिपके आणि तुटक रेघा चमकून जातात. 'व्हिडिओ कार्ड गेले' असा निष्कर्ष लगेच निघतो. मोठ्या खटपटीने तसेच दुसरे कार्ड मिळवून बसवले, तरी ठिपके कायम राहतात. मग मॉनिटर उघडला जातो, आतले स्क्रू फिरवले जातात, आणि जे यंत्र मुळात धडधाकट होते ते दुरुस्तीच्या नादात कायमचे निकामी होते.

जुन्या संगणकांच्या बाबतीत ही चूक महागात पडते. कॅथोड किरण नळीचे संगणक-मॉनिटर आता बाजारात नव्याने येत नाहीत. १९८०च्या दशकातील कार्डे जेवढी उरली आहेत, तेवढीच. त्यामुळे अशा यंत्रावर हत्यार चालवण्यापूर्वी त्याचे निदान होणे आवश्यक असते. सुदैवाने दृश्यदोष बहुधा मुका नसतो. त्याला आकार असतो, वेग असतो आणि प्रकट होण्याची वेळही असते. या तीन गोष्टी नीट पाहिल्या, तर तो प्रोग्राममधून आला, केबलमधून आला, घरातल्या विजेतून आला की कार्डातून, हे पेचकस हातात न घेताही पुष्कळदा सांगता येते.

चार कार्डे, दोन प्रकारचे संदेश

आयबीएम कंपनीने आपला पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला, तेव्हा त्यासोबत दोन व्हिडिओ कार्डे उपलब्ध होती. एक मोनोक्रोम डिस्प्ले अॅडॅप्टर म्हणजेच एमडीए, तर दुसरे कलर ग्राफिक्स अॅडॅप्टर म्हणजेच सीजीए. १९८४ साली ईजीए आले आणि १९८७ साली पीएस/२ या संगणकांबरोबर व्हीजीए. पहिली तीन कार्डे मॉनिटरला 'आहे' किंवा 'नाही' अशा डिजिटल भाषेत संदेश देत. व्हीजीएने ती पद्धत बदलली. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगासाठी शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत चढउतार करणारा अॅनालॉग संदेश त्यात वापरला गेला.

निदानाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. डिजिटल संदेशात थोडा गोंगाट मिसळला, तरी 'आहे'चे 'नाही' सहसा होत नाही. तो गोंगाट पडद्यावर पोहोचत नाही. अॅनालॉग संदेशात मात्र मिसळलेला प्रत्येक अंश उजेडाच्या रूपाने दिसतो. म्हणून केबलमुळे उमटणाऱ्या सावल्या आणि उजेडाचे पट्टे ही प्रामुख्याने व्हीजीएची दुखणी आहेत. एमडीए किंवा सीजीएच्या मॉनिटरवर असे पट्टे दिसले, तर केबलपेक्षा मॉनिटरच्या स्वतःच्या वीजपुरवठ्याकडे आधी संशयाने पाहावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. एमडीए, सीजीए आणि ईजीए या तिन्ही कार्डांना दिसायला सारखेच नऊ पिनांचे कनेक्टर असतात. कनेक्टर बसला म्हणजे मॉनिटर जुळला, असे मात्र नाही. आयबीएमच्या ५१५१ या हिरव्या अक्षरांच्या मॉनिटरला झोत आडवा फिरवण्याची गती कार्डाकडूनच मिळत असे. ती सेकंदाला सुमारे १८,४०० रेघा इतकी असते. सीजीए मात्र सुमारे १५,७०० रेघांची गती देते. असा मॉनिटर चुकीच्या कार्डाला जोडून चालू केल्यास त्याचे परिपथ जळण्याचा धोका असतो. अदलाबदल करून पाहण्याची सवय येथे घातक ठरू शकते.

बर्फ: दोष नव्हे, रचना

आता आरंभीच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे वळता येईल. संगणकाच्या परिभाषेत त्यांना 'स्नो' म्हणजे बर्फ म्हणतात आणि आयबीएमच्या मूळ सीजीए कार्डाचे ते जन्मजात लक्षण आहे.

या कार्डावर १६ किलोबाइट स्मृती होती. ८० रकाने आणि २५ ओळींच्या अक्षर-पद्धतीत पडद्यावर २००० अक्षरे मावतात. प्रत्येक अक्षरासाठी दोन बाइट लागतात. एक अक्षराचा, दुसरा त्याच्या रंगाचा. पडद्यावर रेघ काढली जात असताना एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम ०.५६ मायक्रोसेकंद येतात आणि तेवढ्यात हे दोन्ही बाइट वाचून व्हावे लागतात. स्मृतीला दार मात्र एकच. पडदा रंगवणारा परिपथ त्या दारातून अखंड ये-जा करत असतानाच प्रोसेसरने काही लिहायला किंवा वाचायला हात घातला, तर कार्ड प्रोसेसरला वाट देते. त्या क्षणी पडद्याच्या परिपथाच्या हाती भलताच बाइट पडतो आणि अक्षराच्या जागी भलताच तुकडा चमकतो. स्मृतीतील मजकुराला मात्र धक्का लागत नाही. म्हणूनच पुढच्या फेरीत, म्हणजे एका सेकंदाच्या साठाव्या भागानंतर, तो ठिपका नाहीसा झालेला असतो.

यावर उपाय प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती होता. प्रत्येक रेघ संपल्यावर झोत पुन्हा डावीकडे येईपर्यंत सुमारे १९ मायक्रोसेकंद पडद्याला स्मृतीची गरज नसते. पूर्ण पडदा रंगवून झोत तळातून वर जाईपर्यंत तर सुमारे चार मिलिसेकंदांची फुरसत मिळते. कार्डावरील एक बिट ही फुरसत सुरू झाल्याचे कळवतो. त्याची वाट पाहून मगच लिहिले, तर बर्फ पडत नाही. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. दर रेघेमागे एकच बाइट लिहिला, तर ४००० बाइटांचा पूर्ण पडदा भरायला साधारण पाव सेकंद लागतो. त्या काळच्या मंद यंत्रांवर एवढा विलंब सहज जाणवे. म्हणून काही प्रोग्राम वाट पाहत, तर काही बर्फ पत्करून वेग घेत. टर्बो पास्कल या भाषेत तर 'चेकस्नो' नावाची सोयच होती. ती चालू ठेवली की बर्फ थांबे, बंद केली की वेग वाढे.

हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. प्रोग्राम पडद्यावर काही लिहीत असतानाच ठिपके दिसतात; पडदा स्थिर असेल आणि यंत्र स्वस्थ असेल, तेव्हा दिसत नाहीत. डॉसमध्ये 'मोड सीओ४०' ही आज्ञा देऊन ४० रकान्यांची पद्धत निवडली, की ते नाहीसे होतात. कारण तेथे प्रत्येक अक्षराला दुप्पट वेळ मिळतो. चित्र-पद्धतीतही ते दिसत नाहीत. या कसोट्या उतरल्या, तर कार्ड निर्दोष आहे आणि ते बदलण्याचे कारण नाही.

त्याच कार्डावर फाइलींची लांब यादी सरकताना पडदा लुकलुकतो, तोही दोष नव्हे. यादी वर सरकवताना बर्फ दिसू नये म्हणून आयबीएमच्या मूळ प्रणालीने पडदा क्षणभर बंद करण्याची योजना केली होती. उलट ईजीए किंवा व्हीजीए कार्डावर साध्या अक्षर-पद्धतीत असे ठिपके दिसू लागले, तर मात्र ते गांभीर्याने घ्यावे लागतात. कारण तेथे ही मुभा मुळात नाही.

घरातली वीज आणि थरथरणारे चित्र

दुसरा मोठा वर्ग घरातल्या विजेशी निगडित दोषांचा. चित्राच्या कडा थरथरतात, अक्षरे पाण्यात पडल्यासारखी डुलतात किंवा उजेडाचा रुंद आडवा पट्टा वरखाली सरकत राहतो. यात कळीचा प्रश्न एकच: हे किती वेगाने होते?

भारतात घरगुती विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे, अमेरिकेत ६० हर्ट्झ. सीजीए कार्ड अमेरिकी दूरदर्शनच्या मापावर बेतलेले असल्याने पडदा सेकंदाला ५९.९२ वेळा रंगवते. अमेरिकेत विजेचा आणि पडद्याचा ताल जवळजवळ जुळतो. त्यामुळे तेथे व्यत्यय आला, तर चित्र अगदी संथपणे डुलते. एका हेलकाव्याला दहा-बारा सेकंद लागतात. तोच संगणक मुंबईत किंवा पुण्यात चालवला, तर दोन तालांत दहाचा फरक पडतो आणि चित्र सेकंदाला दहा वेळा थरथरते. एमडीएचे नेमके उलटे. ते कार्ड पडदा सेकंदाला सुमारे ५० वेळा रंगवते. त्यामुळे आपल्याकडे त्याचे चित्र काही सेकंदांच्या लयीत सावकाश डोलते आणि अमेरिकेत थरथरते. तेच कारण असूनही लक्षण देशागणिक बदलते. परदेशी पुस्तकातील वर्णनाशी आपला पडदा ताडून पाहणाऱ्याची त्यामुळे दिशाभूल होऊ शकते.

व्हीजीए आणि त्यानंतरच्या कार्डांवर यातून एक उत्तम कसोटी मिळते. पडदा रंगवण्याचा वेग ६० वरून ७५ हर्ट्झवर नेला आणि थरथरण्याची लय बदलली, तर दोष विजेच्या तालाशी बांधलेला आहे. लय तशीच राहिली, तर उगम अन्यत्र शोधावा. पुढची कसोटी जागेची. मॉनिटर दोन-तीन फूट बाजूला सरकवावा. थरथर कमी झाली, तर जवळपास कोठे तरी चुंबकीय क्षेत्र आहे. व्होल्टेज स्टॅबिलायझर, यूपीएस, ट्यूबलाइटचा जुना चोक, टेबलफॅन, भिंतीतून जाणारी जाड वायर किंवा भिंतीपलीकडचा फ्रिज यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. मॉनिटर स्टॅबिलायझरच्या डोक्यावर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे केवळ जागा बदलणे.

जागा बदलूनही उजेडाचा पट्टा सरकतच राहिला, तर अर्थिंगकडे वळावे. संगणक एका प्लगवर आणि मॉनिटर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर असेल, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील सूक्ष्म फरकामुळे व्हिडिओ केबलच्या आवरणातून प्रवाह वाहतो आणि अॅनालॉग चित्रात मिसळतो. दोन्ही उपकरणे एकाच पट्टीवर जोडून पाहावीत. पट्टा नाहीसा झाला, तर निदान झाले. अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकल्यानेही पट्टा कधी कधी जातो. पण तो उपाय नव्हे. त्यामुळे यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरण्याची शक्यता निर्माण होते आणि हा धोका जिवावरचा असतो.

सावल्या आणि हरवलेले रंग

अक्षरांच्या उजव्या बाजूला फिकट सावली दिसत असेल, तर संशयाची सुई केबलकडे वळते. व्हीजीएचा संदेश ७५ ओहम रोधाच्या केबलमधून जाणे अपेक्षित असते. मध्ये हलक्या प्रतीची जोडकेबल, स्विचपेटी किंवा वाकडी पिन आली, की संदेशाचा काही भाग तेथून परत फिरतो आणि कार्डाकडून पुन्हा उलटून उशिरा पडद्यावर पोहोचतो.

हा उशीर मोजताही येतो. केबलमधून संदेश एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. दीड मीटरच्या केबलमध्ये एका जाण्या-येण्याला सुमारे १५ नॅनोसेकंद लागतात. ६४० बाय ४८० या मापात, ६० हर्ट्झच्या वेगात एक ठिपका सुमारे ४० नॅनोसेकंदांचा असतो. तेव्हा सावली ठिपक्यातच लपून जाते. १०२४ बाय ७६८ या मापात, ७५ हर्ट्झच्या वेगात तोच ठिपका १३ नॅनोसेकंदांहूनही कमी काळाचा होतो आणि सावली ठिपक्याच्या बाहेर डोकावते. 'कालपर्यंत ठीक होते, माप वाढवल्यावर बिघडले' या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा येथे असते. जोडकेबल काढून मॉनिटर थेट कार्डाला जोडावा. सावली गेली, तर खर्च फक्त एका चांगल्या केबलचा.

संपूर्ण चित्राला एकाच रंगाची झाक येणे हीही बहुधा केबलचीच कहाणी असते. पांढरा रंग पिवळा दिसला तर निळा तुटला आहे, निळसर-हिरवा दिसला तर लाल आणि जांभळट-गुलाबी दिसला तर हिरवा. कनेक्टर काढून पिना पाहाव्यात. एखादी वाकलेली सापडते. याउलट झाक सर्वत्र नसून पडद्याच्या कोपऱ्यात रंगाचे डाग असतील, तर नळीच्या आतली धातूची जाळी चुंबकित झालेली असते. स्पीकर जवळ ठेवणे किंवा चालू मॉनिटर फिरवणे ही त्याची नेहमीची कारणे. रंगीत मॉनिटर चालू करताना 'धुम्म' असा आवाज येतो, तो चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा. स्पीकर दूर करावा, मॉनिटर अर्धा तास बंद ठेवावा आणि पुन्हा चालू करावा. आवश्यक तर हे दोन-तीनदा करावे.

अक्षरेच बदलतात तेव्हा

ठिपके, थरथर आणि सावल्या यांपेक्षा वेगळा प्रकार म्हणजे पडद्यावर चुकीची अक्षरे दिसणे. हा व्यत्यय नसून स्मृतीचा किंवा तिच्याकडे जाणाऱ्या तारेचा बिघाड असतो, आणि तो आपले नाव स्वतःच सांगतो.

संगणकात रिकाम्या जागेचा क्रमांक ३२ आणि उद्गारचिन्हाचा ३३ आहे. कार्डाच्या स्मृतीतील सर्वांत खालचा बिट कायम 'एक'वर अडकला, तर ३२चा ३३ होतो आणि सगळ्या मोकळ्या जागा उद्गारचिन्हांनी भरून जातात. इंग्रजी 'बी'चा 'सी' होतो. 'सी' मात्र 'सी'च राहतो, कारण त्याचा तो बिट मुळातच 'एक' असतो. सर्वांत वरचा बिट अडकला, तर रंगाच्या बाइटातील लुकलुकण्याची खूण चालू होते आणि अवघा पडदा डोळे मिचकावू लागतो. काय लिहिले आणि काय दिसले यांची अशी तुलना केली, की कोणता बिट बिघडला हे कळते आणि एका चिपपर्यंत पोहोचता येते.

मात्र चिप काढण्यापूर्वी कार्डाची सोनेरी कडा तपासावी. समुद्रकाठच्या दमट हवेत वर्षे काढलेल्या यंत्रांत संपर्कबिंदूंवर मळाचा थर बसतो आणि स्मृती निर्दोष असूनही संदेश अडखळतो. यंत्र बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर घ्यावे. कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, वाळू द्यावी आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवावे.

वेळेची साक्ष

दोष केव्हा प्रकटतो, हेही टिपून ठेवावे. चालू करताच चित्र आक्रसलेले किंवा नागमोडी असते आणि दहा-पंधरा मिनिटांनी सुधारते, तेव्हा वीजपुरवठ्यातील सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर संशय घ्यावा. उष्णतेने ते तात्पुरते बरे वागतात. याउलट थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघडणारे यंत्र बहुधा तडकलेल्या सोल्डरकडे किंवा थकलेल्या चिपकडे बोट दाखवते. मॉनिटरला हलकी थाप मारल्यावर चित्र बदलले, तर सैल सांधा आहे असे समजावे. मात्र थाप हा इलाज मानू नये.

तपासाचा क्रम बाहेरून आत असावा. आधी प्रोग्राम आणि पद्धत बदलून पाहणे, मग जागा, मग प्लग, मग केबल, मग कार्डाचे संपर्कबिंदू. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निरीक्षण लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष जातो, पण कारण हाती लागत नाही.

मॉनिटर उघडणे ही या क्रमातली शेवटची पायरी आणि ती जाणकारानेच चढावी. रंगीत चित्रनळीत वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो नळीत साठून राहू शकतो. 'बंद आहे' म्हणून हात घालणे येथे प्राणघातक ठरू शकते.

जुने कार्ड, नवा पडदा

जुना मॉनिटर नसल्याने व्हीजीए कार्ड सपाट एलसीडी पडद्याला जोडले जाते, तेव्हा काही नवे दोष उद्भवतात. एलसीडी अॅनालॉग संदेशाचे ठरावीक अंतराने नमुने घेतो. त्याचा ताल कार्डाच्या तालाशी जुळला नाही, तर पडद्यावर रुंद उभे अस्पष्ट पट्टे दिसतात. मॉनिटरच्या यादीतील 'क्लॉक' बदलून ते घालवता येतात. ताल जुळला पण नमुना घेण्याचा क्षण चुकला, तर सगळीच अक्षरे कडांशी शहारतात. त्यासाठी 'फेज' बदलावी. डॉसची व्हीजीए अक्षर-पद्धत ७२० बाय ४०० मापाची आणि ७० हर्ट्झची असते. काही पडदे तिला ६४० बाय ४०० समजतात आणि अक्षरांच्या उभ्या रेघा कोठे जाड, कोठे बारीक दाखवतात. यात दोष कार्डाचा नाही. सीजीए आणि ईजीएसाठी तर मध्ये वेगळा रूपांतरक लागतोच. त्या कार्डांचा डिजिटल संदेश आजचे पडदे थेट स्वीकारत नाहीत.

सीजीएवर दूरदर्शन संचासाठीचा एक गोल कनेक्टरही असतो. तो अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचा रंगीत संदेश देतो. केवळ पाल पद्धत जाणणाऱ्या संचावर ते चित्र, स्थिर राहिलेच तर, काळेपांढरे दिसते. तेथेही कार्ड बिघडलेले नसते. दोन देशांच्या पद्धती जुळत नाहीत, इतकेच.

जतनाचा प्रश्न

जुनी यंत्रे राखण्याचा हा खटाटोप केवळ छंद म्हणून पाहणे अपुरे आहे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवलेल्या डॉस संगणकांवर एके काळी भारतीय लिपींमध्ये काम चाले. त्या पडद्यावर देवनागरी अक्षर कसे उमटत असे, हे प्रत्यक्ष दाखवायचे तर ते कार्ड, तो संगणक आणि तो मॉनिटर तिन्ही चालते हवेत. त्यांतला एक जरी चुकीच्या निदानापायी गेला, तरी उरलेले दोन मुके होतात.

म्हणूनच पडद्यावर बर्फ दिसला, तर पहिले काम कार्ड उपटण्याचे नाही. ४० रकान्यांची पद्धत निवडावी आणि क्षणभर पाहावे. बर्फ थांबला, तर ते यंत्र १९८१ साली जसे चालत होते, तसेच आजही चालते आहे.